दुरावली, की टाकली?

(समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय वाचून तुमच्यापैकी काहीजणी हसल्या असतील. 'माया तुटण्याचे इंग्रजी शब्द'! काल दिवसभर आपण पोटगी, घरात राहण्याचा हक्क, पोलिसातल्या तक्रारी यांवर बोललो, आणि आज ही बाई इंग्रजीचा तास घेणार की काय? तास घेण्याइतकं माझं इंग्रजी चांगलं नाही. शाळा मराठी, आणि पुढे एम.एस.डब्ल्यू. शब्दकोश उशाशी ठेवून केलं. तरीही हा विषय मी मागून घेतला. कारण माझ्या हातून एका इंग्रजी शब्दाची चूक झाली आणि ती दुसऱ्याच बाईला भोवली.

साधारण १२ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गावातल्या केंद्रावर नुकतीच रुजू झाले होते. तिथे एक बाई आली. तिचं नाव-गाव सांगत नाही. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. मुलगी झाली. बारशाला सासरची दोन माणसं येऊन जेवून गेली. "सव्वा महिना झाला की न्यायला येऊ" म्हणाली. सव्वा महिन्याचे सहा महिने झाले, मग वर्ष उलटलं. फोनवर नवरा आधी "बघू" म्हणायचा, पुढे फोन उचलेनासा झाला. भाऊ तिला पोचवायला गेला, तर दोघांना ओट्यावरूनच परत पाठवलं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, सोडचिठ्ठीचा कागद नाही. ती मला म्हणाली, "ताई, त्यानं मला जा म्हटलं नाही. ये म्हणायचं तेवढं बंद केलं."

पोटगीच्या अर्जाला जोडायला वकिलांना केंद्राचा अहवाल इंग्रजीत हवा होता. मी रात्री बसून लिहिला. रोजच्या इंग्रजी वर्तमानपत्रात जो शब्द वाचत होते तोच उचलला. लिहिलं, की हे नवरा-बायको अमुक महिन्यापासून 'एस्ट्रेंज्ड' आहेत. मला वाटलं, चांगला, सभ्य, कोणावर आरोप न करणारा शब्द आहे.

पुढच्या तारखेला समोरच्या वकिलांनी तेवढ्याच ओळीवर बोट ठेवलं. केंद्राच्या बाईच म्हणताहेत की दोघं एकमेकांपासून दुरावलेली आहेत. म्हणजे दोघांच्या मर्जीनं वेगळी राहताहेत. आता तुम्हा सगळ्यांना कलम पाठ आहे. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. त्यातल्या चौथ्या पोटकलमात म्हटलं आहे, की नवरा-बायको परस्परसंमतीनं वेगळी राहत असतील तर बायकोला पोटगी मिळणार नाही. माझ्या एका सभ्य शब्दानं त्या कलमाचं दार उघडून दिलं होतं. अहवाल दुरुस्त करून दिला, भावाची साक्ष झाली, शेवटी पोटगी मिळालीही. पण मधले सात महिने गेले. त्या सात महिन्यांत ती दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जात होती, आणि मुलगी बांधावर झोळीत.

त्या दिवशी कोर्टाच्या आवारात तिनं मला विचारलं, "ताई, तुम्ही लिहिलं होतं तरी काय?" मी म्हटलं, "दुरावलेली, असं लिहिलं होतं." ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दुरावतात ते दोघं ना? मी तर ओट्यावरच उभी होते."

तिच्या त्या वाक्यानं मला शब्दकोश पुन्हा उघडायला लावला. आपण बायकांचं ऐकतो मराठीत, आणि कितीदा तरी लिहितो इंग्रजीत. वकिलांची नोटीस, उच्च न्यायालयातलं अपील, देणगीदार संस्थेचा अहवाल, वर्तमानपत्राला दिलेलं टिपण, सगळीकडे इंग्रजी. मराठीतून इंग्रजीत जाताना वाटेत काय सांडतं, याचा हिशेब आपण ठेवत नाही. आज चारच शब्द घेते. एस्ट्रेंज, एलिअनेट, डिसअफेक्ट आणि वीन. समानार्थी शब्दांच्या इंग्रजी कोशात हे एका ओळीत सापडतात. चारही शब्द माया किंवा निष्ठा तुटण्याबद्दलचे. पण चारांची धाटणी वेगळी आहे, आणि बाईच्या प्रकरणात तर चौघं चार बाजूंनी साक्ष देतात.

पहिला शब्द, ज्यानं मला फसवलं तो. एस्ट्रेंज. याचं मूळ लॅटिन, फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. मूळ अर्थ बाहेरचा, परका. 'स्ट्रेंजर' हा त्याचाच भाऊ. म्हणजे एस्ट्रेंज करणं म्हणजे घरच्या माणसाला बाहेरचं करणं. किती नेमका शब्द आहे बघा! या क्रियापदाला कर्ता हवा. कोणीतरी कोणाला तरी परकं करतं. पण आज हा शब्द आपल्याला भेटतो तो बहुधा विशेषण होऊन. एस्ट्रेंज्ड वाइफ, एस्ट्रेंज्ड हजबंड. तिथे कर्ता गळून पडलेला असतो. उरतं ते फक्त अंतर. एकेकाळी जवळ होते, आता लांब आहेत, मायेच्या जागी थंडपणा किंवा वैर आलं आहे, बस. हे अंतर कोणी पाडलं, हे शब्द सांगत नाही. इंग्रजी बातमीत नवऱ्यानं बायकोवर कोयत्यानं वार केला तरी तो 'एस्ट्रेंज्ड हजबंड'च असतो. जसं काही दोघांमध्ये आपोआप धुकं पडलं होतं!

हा शब्द वाईट आहे असं मी म्हणत नाही. दोन भाऊ वाटणीनंतर बोलेनासे झाले, मुलीनं मनाविरुद्ध लग्न केलं आणि बाप-लेकीत वर्षानुवर्षं अबोला राहिला, तिथे तो शोभतो. आपला 'दुरावा'ही तसाच. दोघांमधला, बिनकर्त्याचा. पण नांदायला तयार असलेल्या बाईला जेव्हा दारातून परत पाठवतात, तेव्हा त्याला दुरावा म्हणणं हे खोटं आहे. कायद्यात त्याला वेगळा शब्द आहे, 'डेझर्शन', म्हणजे परित्याग. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार सलग दोन वर्षांचा परित्याग हे घटस्फोटाचं कारण होतं. परित्याग म्हणजे नुसतं वेगळं राहणं नव्हे. वेगळं राहणं, आणि संबंध कायमचा तोडण्याचा हेतू, दोन्ही लागतात. बिपिनचंद्र शहा विरुद्ध प्रभावती या १९५० च्या दशकातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे सविस्तर सांगितलं आहे. त्यात बायको माहेरी गेली होती, नवरा म्हणत होता तिनं मला टाकलं, आणि न्यायालयानं ते मानलं नाही. कारण ती परत यायला तयार होती. म्हणजे उंबऱ्याबाहेर कोण आहे एवढं बघून चालत नाही. बाहेर कोणी ठेवलं, हे बघावं लागतं. बायकोला हाकलून देणारा नवरा घरातच बसलेला असला, तरी कायद्याच्या दृष्टीनं परित्याग त्यानं केलेला असतो.

दुसरा शब्द, एलिअनेट. याच्या मुळाशी लॅटिनमधला 'दुसरा' आहे, 'दुसऱ्याचा' आहे. आणि कायद्यात या शब्दाचा जुना अर्थ आहे मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणं. कर्त्यानं एकत्र कुटुंबाची जमीन विकली तर त्याला इंग्रजीत एलिअनेशन म्हणतात, मराठी कायद्याच्या पुस्तकांत अन्यसंक्रामण. आपण मुलीला परक्याचं धन म्हणतो ना? परकेपण आणि धन, दोन्ही अर्थ या एका शब्दात एकत्र नांदतात.

एस्ट्रेंजमध्ये दोघं असतात. एलिअनेटमध्ये बहुतेक वेळा तिसरं माणूस येतं. कुणीतरी मन वळवलं, कान भरले, फितवलं. आणि अंतर पडायलाच हवं असं नाही. माणूस त्याच घरात, त्याच ताटात जेवत असेल, पण जीव दुसरीकडे गेलेला असतो. अमेरिकेत यावरून एक दावाच होता, 'एलिअनेशन ऑफ अफेक्शन'. माझ्या बायकोची माया तू पळवलीस, भरपाई दे, असा नवऱ्यानं तिसऱ्या माणसावर केलेला दावा. म्हणजे बायकोची माया ही नवऱ्याच्या मालकीची चीज आणि तिची चोरी झालेली! पुढे बायकांनाही असा दावा करता येऊ लागला. बहुतेक राज्यांनी तो रद्द केला, नॉर्थ कॅरोलायना, मिसिसिपी अशा थोड्या राज्यांत तो उरला. आपल्याकडे याच मालकीच्या भावनेतून व्यभिचाराचं कलम ४९७ आलं होतं. तक्रार फक्त नवऱ्यानं करायची, आणि ती दुसऱ्या पुरुषावर. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली ते घटनाबाह्य ठरवलं. पण त्याच न्यायालयानं २०१३ मधल्या दोन निकालांत 'एलिअनेशन ऑफ अफेक्शन'ची चर्चा केली आहे. त्यातल्या इंद्रा सर्मा खटल्यात लग्न झालेल्या पुरुषाबरोबर वर्षानुवर्षं राहिलेल्या बाईला कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचं संरक्षण नाकारलं गेलं, आणि त्याच्या बायको-मुलांपासून त्याला तोडल्याबद्दल तिच्याकडूनच भरपाई मागता येऊ शकते, असंही म्हटलं गेलं. म्हणजे पुरुष मधे बसलेला, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बायका एकमेकींसमोर उभ्या! तिसरं माणूस शोधणाऱ्या शब्दाचा हा धोका आहे. आपल्या केंद्रावरही हेच ऐकतो. नवरा कधी दोषी नसतोच. सासूनं फितवलं, 'त्या' बाईनं नादी लावलं, सुनेला तिच्या आईनं शिकवलं. माया आटली त्याचं खापर शेवटी कुठल्या तरी बाईवरच फुटतं.

हाच शब्द आता मुलांच्या ताब्याच्या भांडणात आला आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ साली 'पॅरेंटल एलिअनेशन सिंड्रोम' असं नाव काढलं. म्हणजे मूल बापाला भेटायला नाही म्हणत असेल तर आईनं त्याचं मन कलुषित केलं आहे, हा एक आजारच आहे, असं म्हणणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली आपल्या रोगांच्या वर्गीकरणाच्या सूचीतून हा शब्द काढून टाकला. बायकांवरील हिंसाचाराबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक रीम अलसालेम यांनी २०२३ च्या अहवालात, कौटुंबिक खटल्यांत याचा वापर थांबवा असं सांगितलं. मार खाणाऱ्या आईनं मुलाला वाचवायचा प्रयत्न केला तर तिलाच 'फितवणारी' ठरवलं जातं, हा त्यामागचा अनुभव. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली विवेक सिंह विरुद्ध रोमानी सिंह या खटल्यात हाच शब्द वापरला, आणि तिथे बापाजवळ ठेवलेली मुलगी आईकडे दिली. म्हणजे शब्द कोणाच्या हातात आहे, यावर सगळं ठरतं. म्हणून नुसतं 'एलिअनेट केलं' असं कधी लिहू नका. कोणी, केव्हा, काय बोलून, हे लिहा. आणि मुलाच्या मनातल्या भीतीला त्याचं स्वतःचं कारण असू शकतं, हेही विसरू नका.

तिसरा शब्द ऐकून तुम्हाला वाटेल हा आपल्या कामातला नाहीच. डिसअफेक्ट. पण आपल्या महाराष्ट्राला या शब्दाची जुनी ओळख आहे. दंडसंहितेत १८७० साली १२४ अ हे राजद्रोहाचं कलम घातलं गेलं. सरकारबद्दल 'डिसअफेक्शन', अप्रीती, निर्माण करणं हा गुन्हा. या कलमाखालचा पहिला मोठा खटला १८९१ साली कलकत्त्याच्या 'बंगवासी' पत्रावर झाला, आणि त्यातला वादाचा विषय होता संमतिवयाचा कायदा. फुलमणी दासी ही लहान मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली, त्यानंतर संमतिवय १० वरून १२ वर नेणारा कायदा आला. त्याविरुद्ध लिहिताना सरकारबद्दल अप्रीती पसरवली, असा तो आरोप. मग १८९७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात टिळकांवर खटला चालला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला अर्थ समजावून सांगितला, की डिसअफेक्शन म्हणजे प्रीतीचा अभाव. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले, १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. प्रीती नसणं हाच गुन्हा! १९२२ साली गांधींनी अहमदाबादच्या न्यायालयात याच कलमावर बोलताना सांगितलं, की प्रीती कायद्यानं तयार करता येत नाही. १ जुलै २०२४ ला दंडसंहिता गेली, तिच्याबरोबर हे कलमही गेलं. त्याच्या जागी नव्या संहितेत १५२ आलं, पण त्यात 'डिसअफेक्शन' हा शब्द नाही.

आता हे आपल्या चुलीपर्यंत आणते. डिसअफेक्ट हा शब्द कोणाला लागतो? ज्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा आहे त्याला. प्रजेला, शिपायाला, पक्षाच्या कार्यकर्त्याला. राजाला कोणी 'डिसअफेक्टेड' म्हणत नाही. राजाची प्रीती गेली तर ती त्याची मर्जी, प्रजेची गेली तर तो द्रोह. आणि दुसरी गोष्ट, असं माणूस सोडून जात नाही. जागेवरच असतं, पण मनातून उतरलेलं. आपल्याकडे पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायका येतात ना, सगळं करतात, स्वयंपाक, पाहुणे, सासूचं दुखणं, आणि म्हणतात, "माझं मनच उडालंय." त्यांच्याबद्दल घरची माणसं कोणत्या भाषेत तक्रार करतात ते ऐका. "काही कमी नाही हो, पण हिला आपलेपणाच नाही." ही राजद्रोहाच्या खटल्याचीच भाषा आहे. नवऱ्याची प्रीती गेली तर त्याला कोणी जाब विचारत नाही.

प्रीतीचा हुकूम काढण्याचा प्रयोग मुंबईच्या याच न्यायालयानं टिळकांच्या खटल्याआधी दहा वर्षं केला होता. रखमाबाईंचं लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं होतं, त्या त्यांच्याबरोबर कधी नांदल्या नव्हत्या. १८८४ साली नवऱ्यानं दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली तो फेटाळला. अपिलात तो पुन्हा उभा राहिला, आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करेन. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. त्या वेळी 'केसरी'नं रखमाबाईंवर टीका केली होती. त्याच 'केसरी'च्या संपादकांना पुढे दहा वर्षांनी, प्रीती नाही म्हणून तुरुंगात जावं लागलं. हे मी टिळकांना खाली पाडायला सांगत नाही. सत्तेला प्रीती मागण्याचा अधिकार नाही, हे सरकारबाबत आपल्याला चटकन पटतं. नवऱ्याबाबत पटायला फार वेळ लागतो, एवढंच म्हणायचं आहे. नांदायला पाठवण्याचं ते कलम हिंदू विवाह कायद्यात ९ व्या क्रमांकानं राहिलं. आंध्र उच्च न्यायालयानं सरिता खटल्यात १९८३ साली ते घटनाबाह्य ठरवलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयानं पुढच्याच वर्षी सरोज राणी खटल्यात ते वैध ठरवलं.

चौथा शब्द लहानसा आणि घरगुती आहे. वीन. बाळाचं अंगावरचं तोडणं. चारही शब्दांत मायेनं तोडण्याचा हा एकच. ज्याचा जबर लळा आहे, पण जे आता सोडायला हवं, त्यापासून हळूहळू सोडवणं. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ होता सवय लावणं. तोडणं नव्हे, दुसऱ्याची सवय लावणं! आपल्या आयाबायांना हे कोशाशिवाय ठाऊक आहे. अंगावरचं एका दिवशी तोडत नाहीत. आधी पेज देतात, मऊ भात देतात, रात्रीचं शेवटी बंद करतात. आणि दुखतं ते दोघांनाही.

पण या मऊ शब्दातही एक पेच आहे. वीन करणारा मोठा असतो आणि ज्याला सोडवायचं तो लहान. 'तुझ्या भल्यासाठी'. दुसऱ्या जातीतल्या मुलावर प्रेम करणाऱ्या मुलीला मामाकडे नेऊन ठेवतात, फोन काढून घेतात, तेव्हा घरचेही हेच म्हणतात, जरा लांब ठेवलं की विसरेल. सज्ञान मुलीला कोणी असं तोडू शकत नाही, ती बाळ नाही.

आणि आपण? मार खाऊन आलेली बाई आठ दिवसांनी परत त्याच्याकडे जाते, तेव्हा आपल्यापैकी किती जणी चिडतात, हात वर करा. बघा, माझाही वर आहे. "इतकं समजावलं तरी गेलीच!" आपण तिची माया एका बैठकीत तोडायला निघतो. तिच्या पुढ्यात दुसरं काही ठेवलेलं नसतं. कमाई नाही, निजायला जागा नाही, बोलायला माणूस नाही. पेज न देताच दूध तोडायचं! आधी सवय लावायची, हे त्या जुन्या अर्थातून मी शिकले. आठवड्यातून एक दिवस केंद्रावर येणं, स्वतःच्या नावाचं बँकेचं खातं, एखादी मैत्रीण. सोडायचं की नाही, आणि केव्हा, हे तिचं तिनं ठरवायचं. आणि एक दिवस तिला आपल्यापासूनही सुटता यायला हवं.

आता आपल्या मराठीकडे. आपल्याकडे याबाबत दारिद्र्य मुळीच नाही. बिनसलं, फाटलं, वितुष्ट आलं, मन विटलं, पाठ फिरवली, काडीमोड घेतली. पण सगळ्यांत मोलाचं काय, तर आपलं व्याकरण. बाई 'नांदते', आणि नवरा 'नांदवत नाही'. त्या एका 'व'मध्ये कर्ता उभा आहे. नांदणं थांबलं ते कोणी थांबवलं, हे क्रियापदच सांगतं. एस्ट्रेंज्डमध्ये जे हरवलं ते इथे शाबूत आहे. अर्थात त्याच 'व'मध्ये हेही आहे, की बाईचं नांदणं दुसऱ्याच्या हातात. आणि 'टाकलेली', 'परित्यक्ता' हे शब्द बाईलाच चिकटतात, टाकणाऱ्याला नाव नाही. परित्यक्तांच्या प्रश्नावर महाराष्ट्रात चळवळ उभी राहिली, पुढे 'एकल महिला' हा जास्त मानाचा शब्द आला. मला तो आवडतो. पण अर्जात तो एकटा पुरत नाही. एकटी कशी झाली, हे तो सांगत नाही. २०११ च्या जनगणनेत 'घटस्फोटित' आणि 'विभक्त' वेगवेगळे मोजले, तेव्हा विभक्त माणसं घटस्फोटितांपेक्षा कितीतरी जास्त निघाली, आणि दोन्हींत बायका पुरुषांपेक्षा जास्त. या 'विभक्त' बायकांपैकी किती जणी ओट्यावरून परत पाठवलेल्या असतील, ते त्या रकान्यात कळत नाही.

म्हणून शेवटी एक साधी पद्धत सुचवते. आमच्या केंद्रावर ती आता रुळली आहे. बाईचं मुख्य वाक्य आधी तिच्याच मराठीत, अवतरणात लिहायचं. मग स्वतःला चार प्रश्न विचारायचे. घराबाहेर कोण आहे, आणि कोणी ठेवलं? मधे तिसरं कोणी आहे का, की आपण उगाच शोधतो आहोत? निष्ठेची अपेक्षा फक्त हिच्याकडूनच आहे का? आणि हिचा जीव अजून कशात अडकला आहे? उत्तरं मिळाली की शब्द आपोआप सापडतो, न सापडला तर घडलेलं सरळ सांगायचं. 'नवऱ्यानं न्यायला येणं बंद केलं', हे कुठल्याही भाषेत लिहिता येतं. आणि इंग्रजी अहवाल झाला की त्याचा अर्थ बाईला मराठीत वाचून दाखवायचा. ती "असं नव्हे" म्हणाली, तर कागद बदलायचा.

त्या बाईची मुलगी आता शाळेत जाते. मध्यंतरी दोघी केंद्रावर आल्या होत्या. शाळेच्या कसल्याशा अर्जात बापाच्या माहितीचा रकाना होता. मी पेन उचललं आणि आईला विचारलं, "काय लिहू?" ती म्हणाली, "थांबा ताई, आधी मी सांगते. मग लिहा."

एवढं बोलून थांबते.